चाकावरचं बिऱ्हाड : फ्रिजला पाणसळ

फ्रिजचा थर्मिस्टर तपासायचा वायदा गेल्या खेपेला केला होता, तो आज मोडतोय. मल्टिमीटर काढून बसला असाल तर पुन्हा खणात ठेवा. टेक्सासमधल्या एका वाचक बाईंचा प्रश्न आलाय आणि तो इतका नेमका आहे की त्याला रांगेत उभं करणं बरं दिसत नाही. त्या लिहितात, "घरासमोर ड्राइव्हवेवर ट्रेलर उभा असला की फ्रिज गार होत नाही. प्रवासाला निघालो की मात्र संध्याकाळपर्यंत बर्फ धरतो. रस्त्यात तर तो केवढा हिंदकळतो! मग उभ्या ट्रेलरमध्येच त्याचं काय बिनसतं?"

बाई, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. हिंदकळणं त्याला मानवतं. त्याला सोसत नाही ते वाकडं उभं राहणं.

ट्रेलरच्या या फ्रिजमध्ये ना कॉम्प्रेसर ना पंप, हे गेल्या खेपेला झालंच. खालची आच अमोनियाच्या पाण्याला उकळी आणते आणि बुडबुडे त्या पाण्याला एका बारीक नळीतून वर ढकलतात. वर चढवण्याचं काम तेवढं आगीचं. खाली यायचं ते सगळं आपापल्या वजनाने, जेमतेम उतार दिलेल्या आडव्या नळ्यांमधून. कोकणातल्या घराची पन्हळ डोळ्यांपुढे आणा. एक खुंटी ढिली झाली, पन्हळ जराशी कलली, की पाणी मधेच तुंबून राहतं. इथेही तेच. नळीच्या वळणात द्रव तुंबतो, खालच्या टाकीत परत येत नाही आणि गारवा थांबतो. चालत्या ट्रेलरमध्ये कल क्षणाक्षणाला बदलतो. या वळणावर अडकलेलं पुढच्या धक्क्याला सुटतं. उभ्या ट्रेलरमध्ये ते सुटणार कसं?

गारवा थांबतो एवढंच असतं तर मी एक आख्खा लेख खर्ची घातला नसता. द्रव परतला नाही तरी आच चालूच राहते. पोलादी नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्या पाण्यात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. नळी कोरडी तापली की ते द्रावणातून बाहेर पडून त्या बारीक नळीतच खडे धरतं. हे एका दिवसात होत नाही. आज दोन तास वाकडा, पुढच्या महिन्यात एक रात्र वाकडा, असं साठत जातं, आणि एक दिवस सगळं ठाकठीक दिसत असताना फ्रिज कायमचा बसतो. मग आपण बोर्ड बदलतो, बर्नर घासतो, गॅसवाल्याला दोष देतो.

मी हे शिकलो साउथ डकोटातल्या बॅडलँड्समध्ये. तिथे सेज क्रीक नावाचा तळ आहे. वीज नाही, नळ नाही, नुसतं गवत आणि त्यात हिंडणारे गवे. आमचा ट्रेलर आम्ही एका छानशा उतारावर उभा केला, कारण तिथून गवे दिसत होते. हिने घरून चक्का बांधून आणला होता, दुसऱ्या दिवशी श्रीखंडाचा बेत. सकाळी फ्रिज उघडला तर चक्क्याचा आंबूस वास आणि आत कोमट हवा. मी मागची झडप काढून पाहिलं. ज्योत निळी, स्वच्छ, मस्त फुरफुरत होती. दोन तास तिच्यापुढे उकिडवा बसून मी तिच्यात खोट शोधत होतो. शेवटी हीच म्हणाली, "अहो, कपातला चहा बघा, एका बाजूला कललाय."

आता मोजमाप. हल्लीच्या फ्रिजना साधारण ३ अंशांपर्यंतचा डावा-उजवा कल आणि ६ अंशांपर्यंतचा पुढे-मागे कल चालतो. दोन फूट रुंदीच्या फ्रिजला ३ अंश म्हणजे एका कडेला सव्वा इंच. वाटतो त्याहून बराच ऐसपैस हिशोब आहे. जुन्या फ्रिजना एवढी मुभा नव्हती.

खरी मेख पुढेच आहे. डावं-उजवं कुणाचं? फ्रिजचं, तुमचं नव्हे. फ्रिजची पाठ बहुतेक ट्रेलरच्या लांब भिंतीला असते, कारण हवेची झडप तिथे असते. म्हणजे फ्रिजचं डावं-उजवं हे ट्रेलरचं पुढचं-मागचं झालं! आपण मात्र चाकांखाली फळ्या सारून ट्रेलरची आडवी बाजू समतल करतो, कारण रात्री अंथरुणातून घरंगळायचं नसतं, आणि पुढचा जॅक अंदाजाने फिरवून मोकळे होतो. २० फुटी ट्रेलरमध्ये ३ अंश म्हणजे दोन टोकांत साडेबारा इंचांचा फरक. ड्राइव्हवेच्या उतारावर तो सहज पडतो. बाईंनी कळवलेला फरक दीड फुटाचा आहे.

म्हणून गवंड्याची छोटी पाणसळ घ्या आणि ती फ्रीझरच्या तळाशी ठेवा, आधी आडवी, मग उभी. ट्रेलरच्या बाहेर चिकटवलेल्या पाणसळीवर माझा फारसा भरवसा नाही. फ्रिज बसवणाऱ्याने तो कपाटात सरळ बसवला होता असं ती गृहीत धरते. बुडबुडा मधे आला की एक आख्खा दिवस थांबा. हा फ्रिज मुळातच सावकाश, तासाभरात दार उघडून पाहण्यात अर्थ नाही.

फ्रिज काढून उलटा करून ठेवण्याचा तोडगाही बरेच जण सुचवतात. तुंबलेला द्रव त्याने कधीकधी जागेवर येतो. जमलेले खडे काही विरघळत नाहीत. मी एकदा करून पाहिला. फ्रिज तीन महिने चालला, माझी कंबर सहा महिने दुखली.

स्टॉकहोमच्या ज्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये हे यंत्र जुळवलं, त्या फॉन प्लॅटेन आणि मुंटर्स यांच्याबद्दलही लिहायचं होतं, आणि फ्रिजच्या नादी लागलेल्या आइन्स्टाइनबद्दलही. जागा संपली. पुढच्या वेळी आधी थर्मिस्टर, त्यासाठी पेलाभर बर्फाचं पाणी तयार ठेवा.

आणि हो, कधी मागची झडप उघडलीत आणि नळ्यांवर पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा झोंबरा वास आला, तर पुडीला हात लावू नका. फ्रिज बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा, बाहेर या आणि दुरुस्तीवाल्याला बोलवा. माझ्या पुढच्या लेखाची वाट बघत बसू नका.