कावेरीचं पाणी कोल्लिडमकडे वळू नये म्हणून

श्रीरंगमला दर्शनाला गेलेल्या बहुतेक मराठी यात्रेकरूंच्या ध्यानातच येत नाही की आपण एका बेटावर आलो आहोत. तिरुचिरापल्लीच्या पश्चिमेला मुक्कोंबू इथे कावेरी दुभंगते. उत्तरेकडच्या फाट्याला कोल्लिडम म्हणतात, दक्षिणेकडचा फाटा कावेरी हेच नाव पुढे चालवतो आणि दोहोंच्या मधे श्रीरंगम वसलं आहे. बेट संपतं तिथे हे दोन्ही प्रवाह पुन्हा अगदी लगत येतात. त्या जागी कावेरीचं पात्र उंचावर आहे आणि कोल्लिडमचं सखल. अडवणारं काही नसेल तर कावेरीचं पाणी तिथून सरळ कोल्लिडममध्ये उतरेल. ते उतरू दिलं असतं, तर तंजावरचा भाताचा मुलूख आज आहे तसा झालाच नसता.

कोल्लिडम सरळ वाहते, तिचा उतार अधिक, त्यामुळे पुराचं पाणी ती झपाट्याने समुद्राला नेऊन घालते. कावेरीची रीत वेगळी. वेण्णार, कुडमुरुट्टी, अरसलार, वेट्टार अशा फाट्यांतून ती वाटली जाते. त्या फाट्यांतून कालवे निघतात, कालव्यांतून पाट आणि पाटांतून पाणी शेतांत जातं. बहुतेक नद्या समुद्राजवळ रुंदावतात. कावेरी आक्रसत जाते. चोळांच्या प्राचीन बंदरापाशी, पूंपुहारला, ती समुद्राला मिळते तेव्हा तिचं पात्र ओढ्याएवढं राहिलेलं असतं. वाटेत ती शेतांना देऊन टाकलेली असते.

बेटाच्या टोकाशी हे पाणी जिथे अडवलं आहे, तिथे कल्लणै हा बंधारा आहे. परंपरा त्याचं श्रेय करिकाल चोळ राजाला देते आणि त्याचा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात धरते. राजेंद्र चोळाच्या काळातल्या तिरुवलंगाडू ताम्रपटातही करिकालाने कावेरीला बांध घातल्याचा उल्लेख आहे. हा बंधारा धरणासारखा पाणी साठवत नाही, त्याचं काम पाण्याला दिशा देण्याचं आहे. सुमारे सव्वातीनशे मीटर लांबीची ही नागमोडी भिंत वाळूवर उभी आहे, आणि खरं नवल तेच आहे. या पात्रात हाताशी येईल असा खडक नाही. मोठमोठे दगड पात्रात टाकायचे, ते वाळूत रुतू द्यायचे, त्यावर आणखी दगड टाकायचे, आणि रुतणं थांबलं की त्या थरावर चिखलमातीत बांधकाम उभं करायचं, अशी ही पद्धत. आज वर दिसणारी दारं आणि पूल इंग्रजी अमदानीतले आहेत. जुनं काम त्यांच्या खाली आहे.

ही पद्धत ज्याने बारकाईने न्याहाळली तो इंग्रज इंजिनियर आर्थर कॉटन. तळ न लागणाऱ्या वाळूत पाया कसा घ्यावा हे आम्ही इथल्या जुन्या बांधकामांवरून शिकलो, अशी कबुली त्याने देऊन ठेवली आहे. पुढे दवलेश्वरमला गोदावरीवर त्याने जो बंधारा बांधला, त्यामागे कावेरीवरचा हा अनुभव होता. त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या आपल्या गोदावरीच्या मुखाशी पिकणाऱ्या भाताचं नातं असं कल्लणैशी जाऊन पोचतं.

मराठी माणूस या मुलखात आला तो व्यंकोजीराजांबरोबर. शहाजीराजांच्या या धाकट्या मुलाने १६७६च्या सुमारास तंजावरची गादी घेतली आणि १८५५पर्यंत ती भोसल्यांकडे राहिली. आपण तंजावर म्हटलं की सरस्वती महाल ग्रंथालय, सरफोजीराजे आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३चा मराठी शिलालेख एवढंच आठवतो. पण या राज्याचा जीव पाण्यात होता, आणि त्या पाण्याची किल्ली मात्र राज्याबाहेर होती. कल्लणै तिरुचिरापल्लीच्या हद्दीत, म्हणजे अर्काटच्या नबाबाच्या ताब्यात. पुराने दर साल बांधाची खराबी व्हायची, दर साल डागडुजी करावी लागायची आणि त्यासाठी तंजावरची माणसं दुसऱ्याच्या मुलखात पाठवावी लागायची. १७६४च्या सुमारास नबाब महंमद अलीने या दुरुस्तीलाच हरकत घेतली. तंजावरच्या तुळजाजीराजांपुढचा पेच साधा नव्हता. एखादा किल्ला गेला तर एक किल्ला जातो, हा बांध गेला तर सगळं पीक जातं. अखेर इंग्रज कंपनीने मध्यस्थी केली आणि दुरुस्तीची मोकळीक मिळाली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तंजावरच्या लढाया येतात, हा तंटा येत नाही. मला तो त्या लढायांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

एकोणिसावं शतक उजाडेपर्यंत दुखणं वरच्या अंगाला गेलं होतं. मुक्कोंबूपाशी कावेरीच्या मुखात गाळ साचत होता आणि पाणी अधिकाधिक कोल्लिडमकडे ओढलं जात होतं. १८३६मध्ये कॉटनने तिथे कोल्लिडमच्या मुखावर बंधारा घातला. काही वर्षांतच उलट झालं. कावेरीत पाण्याचा जोर वाढला, तिचा तळ खरवडला जाऊ लागला, म्हणून बंधाऱ्याचा काही भाग उतरवावा लागला आणि कावेरीच्या तोंडाशीही तळबांध घालावा लागला. एका फाट्याला अडवलं की दुसरा बिथरतो, हे तेव्हा कळलं.

गावपातळीवरच्या अशा डागडुजीला कुडिमरामत म्हणत. पाणी सुटण्याआधी गावाने मिळून पाटातला गाळ काढायचा आणि बांध नीट करायचा. कुणाच्या शेतात किती पाणी सोडायचं हे नीरकट्टी पाही, आपल्याकडच्या फड पद्धतीच्या सिंचनात पाटकरी पाहतो तसं. पुढे पाण्याचा कारभार सरकारी खात्याकडे गेला आणि ही रीत बहुतेक ठिकाणी विरत गेली.

१९३४मध्ये मेट्टूर धरण झालं आणि नदीची किल्ली दीडशेहून अधिक किलोमीटर वर सरकली. आज त्रिभुज प्रदेशातला शेतकरी १२ जूनकडे डोळे लावून असतो. धरणात पाणी असेल तर त्या दिवशी ते सोडायचं असा पायंडा आहे. वेळेवर सुटलं तर कमी मुदतीचं कुरुवै भात साधतं. हुकलं तर भिस्त सांबा या लांब मुदतीच्या पिकावर आणि ईशान्य मोसमी पावसावर. मेट्टूर भरायचं ते कर्नाटकातून येणाऱ्या पाण्याने, आणि त्या पाण्याचा वाद १८९२ आणि १९२४च्या करारांपासूनचा. २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा वाटा ४०४.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) ठरवला. त्यापैकी १७७.२५ टीएमसी कर्नाटकाने सीमेवरच्या बिळिगुंडलूला द्यायचं आहे.

वर्तमानपत्रांत हे आकडे ठळक छापून येतात आणि ते छापायलाच हवेत. पण न्यायालयाने दिलेलं पाणी शेतात नेण्याचं काम पात्र, बांध आणि दारं करतात. त्याच २०१८च्या ऑगस्टमध्ये मेट्टूरमधून भरपूर पाणी सुटलेलं असताना मुक्कोंबूच्या बंधाऱ्याच्या पंचेचाळीसपैकी नऊ गाळ्यांची दारं वाहून गेली. कोल्लिडममधून पाणी समुद्राकडे धावत होतं आणि नागपट्टिनमकडच्या शेवटच्या गावांतले शेतकरी पाणी पोचलं नाही म्हणून तक्रार करत होते. शतकानुशतकं ज्या गोष्टीचं भय होतं, तीच पुन्हा घडली. कोल्लिडममधला वाळूउपसा हे तिथल्या लोकांचं जुनं गाऱ्हाणं आहे, आणि ते रास्त आहे. वाळूत रुतवलेल्या बांधकामाखालची वाळूच काढली तर ते तग कसं धरणार? मेट्टूरच्या भिंतीमागे गाळ अडकतो, त्यामुळे समुद्राकाठच्या जमिनीवर नवी माती कमी पडते आणि खाऱ्या पाण्याला आत यायला वाट मिळते. २०२०मध्ये तमिळनाडूने या प्रदेशाला संरक्षित शेतीक्षेत्र ठरवून नव्या तेल आणि वायू प्रकल्पांना मज्जाव केला. निर्णय चांगला आहे, पण तो जमिनीपुरता आहे. पात्र राखण्याचं काम वेगळं करावं लागेल.

यात मराठी माणसाच्या वाट्याचंही एक काम आहे. तंजावरच्या राज्यकारभाराची मोडी कागदपत्रं मोठ्या संख्येने सरस्वती महालात आणि तिथल्या तमिळ विद्यापीठात आहेत. महाराष्ट्रात हल्ली मोडीचे वर्ग भरतात, तरुण मुलं हौसेने लिपी शिकतात. त्यातल्या काहींनी तंजावरची वाट धरावी आणि लढायांच्या पत्रांबरोबर महसुलाचे, शेतीचे आणि दुरुस्तीखर्चाचे कागदही वाचायला घ्यावेत.