दोन धाग्यांचा वाटा

इंदूरहून सुमारे ९० किलोमीटर अंतरावर, नर्मदेच्या उत्तर तीरी, महेश्वरचा किल्ला उभा आहे. घाटाच्या पायऱ्या चढून वर आलेल्या प्रवाशाच्या कानी देवळातील घंटेबरोबर आणखी एक नाद पडतो. तो हातमागाचा असतो. होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर व त्यांच्या पत्नी सॅली होळकर यांनी १९७९ साली स्थापन केलेल्या ‘रेहवा’ संस्थेचे माग या किल्ल्यात चालतात आणि त्यांवर बसणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा आहे. प्रवासी दाराशी थांबतो, धोट्याची ये-जा पाहतो आणि त्याचा हात आपोआप पुढे होऊ लागतो. आपणही एक धागा घालून पाहावा, ही इच्छा लहान मुलाला जितकी होते तितकीच त्याच्या आजीलाही होते.

ही इच्छा पुरी केली, तर कापडाचे काय होईल? न शिकलेल्या शेकडो हातांनी विणलेले वस्त्र वस्त्र राहील काय? या प्रश्नाचे मोठ्या प्रमाणावरील एक उत्तर पुण्याने २०२३ साली दिले. त्या वर्षीच्या १० ते २२ डिसेंबर या काळात तेथे ‘दो धागे श्रीराम के लिए’ या नावाने एक उपक्रम झाला. अयोध्येतील श्रीराममूर्तीच्या वस्त्रांसाठी हातमाग मांडण्यात आले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाने त्यांवर दोन धागे विणावेत, अशी योजना होती. संकल्प दहा लाख लोकांचा होता. शाळकरी मुले आली, वृद्ध आले. ज्यांनी आयुष्यात माग पाहिला नव्हता असे असंख्य नागरिक रांगेत उभे राहिले. वस्त्र विणले गेले आणि अयोध्येला पोचलेही.

हे कसे साधले, ते समजण्यासाठी मागाची रचना थोडी पाहिली पाहिजे. कापडात दोन प्रकारचे धागे असतात. उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. ताणा आधीच मागावर ताणून बसविलेला असतो. विणणारा पायाखालची पावडी दाबतो, तेव्हा उभ्या धाग्यांपैकी निम्मे वर उचलले जातात, निम्मे खाली राहतात आणि दोहोंमध्ये एक फट पडते. त्या फटीतून धोटा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो व आपल्यामागे आडवा धागा सोडतो. मग फणी पुढे ओढून तो धागा आधीच्या धाग्याशी ठोकून बसवायचा. दुसरी पावडी दाबली की वरचे धागे खाली जातात, खालचे वर येतात आणि घातलेला धागा जागच्या जागी अडकतो. एवढ्या तीन क्रिया कोणत्याही वयाच्या माणसाला दोन मिनिटांत दाखविता येतात. दोनच धागे घालावयाचे यालाही अर्थ आहे. एक धागा जातो आणि दुसरा परत येतो. विणीचे एक आवर्तन पूर्ण होते.

या दोन धाग्यांचे मोल हिशेबाने पाहण्यासारखे आहे. एका इंचात ६० आडवे धागे बसतात असे धरले, तर एका माणसाचा वाटा इंचाचा तिसावा भाग होतो. साडेपाच मीटर लांबीची साडी याच विणीने विणावयाची झाली, तर सुमारे १३ हजार आडवे धागे लागतील. म्हणजे साडेसहा हजार माणसे रांगेने यावी लागतील. दहा लाख माणसांनी असेच दोन-दोन धागे घातले, तर सुमारे साडेआठशे मीटर कापड तयार होईल. एकट्याचा वाटा डोळ्यांना दिसतही नाही, आणि तरीही तो काढून घेता येत नाही. ओढून काढलाच, तर शेजारचे धागे सैल पडतात.

परंतु या हिशेबाला दुसरी बाजू आहे आणि ती पाहुण्याला सहसा दिसत नाही. आडवा धागा कोणीही घालावा. उभा धागा कोणालाही घालता येत नाही. ४५ इंच पन्ह्याच्या कापडात इंचाला ८० उभे धागे धरले, तर ३,६०० धागे होतात. ते मोजून, एकसारखे ताणून, खळ देऊन, वाळवून गुंडाळावे लागतात. त्यांतील प्रत्येक धागा धाग्यांना वर-खाली करणाऱ्या जाळीतून आणि मग फणीच्या दातांमधून ओवावा लागतो. एक जरी चुकीच्या जागी गेला, तरी ती चूक कापडाच्या टोकापर्यंत रेघेसारखी सोबत येते. हे काम दिवसचे दिवस चालते. ते बहुधा घरातील स्त्रिया आणि वडीलधारी माणसे करतात आणि तयार कापडाच्या किमतीत त्याची मजुरी वेगळी दिसतही नाही. नंतर पाहुणा येतो, दोन धागे घालतो आणि समाधानाने परततो. त्याने फणी हळू ठोकली तर विणीत विरळ पट्टा पडतो, जोरात ठोकली तर दाट पडतो. धागा फार ओढला तर काठ आत खेचला जातो. शेजारी बसलेला विणकर हे सारे निमूटपणे सावरतो. लाखो हातांचे कापड उभे राहते, ते थोड्या निष्णात हातांच्या आधारावर.

पाश्चात्त्य देशांत अनेकांनी मिळून केलेल्या अशा कलाकृतींना ‘टॅपेस्ट्री’ म्हणण्याची प्रथा आहे. २०१३ साली पुरी झालेली ‘ग्रेट टॅपेस्ट्री ऑफ स्कॉटलंड’ ही १६० फलकांची असून ती एक हजाराहून अधिक लोकांनी मिळून केली. २०२१ पासून ती गॅलाशील्स या जुन्या लोकर-गिरण्यांच्या गावी ठेवलेली आहे. मात्र ती विणलेली नाही. कापडावर सुईने भरलेली आहे. खऱ्या टॅपेस्ट्रीत चित्र विणीतूनच उमटते. रंगीत आडवा धागा काठापासून काठापर्यंत न जाता आपल्या आकृतीपुरताच जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि माघारी वळतो. मराठी माणसाला हे तंत्र परके नाही. पैठणीच्या पदरावरील मोर आणि वेलबुट्टी याच रीतीने, लहान लहान कांड्या बोटांनी फिरवून विणली जाते. म्हणूनच ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. येवल्याचा विणकर मोर विणताना पाहुण्याच्या हाती कांडी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. सर्वांच्या सहभागासाठी साधी वीणच हवी.

हा विचार इंदूरला विशेष लागू पडतो. कारण या परिसराचे जीवन दोन प्रकारच्या मागांनी घडविले. एक महेश्वरचा. अठराव्या शतकात देवी अहिल्याबाईंनी तेथे राजधानी ठेवली आणि बाहेरून विणकर आणून वसविले, असे परंपरा सांगते. महेश्वरी साडीच्या काठांवर चटई, वीट, हिरा आणि नर्मदेच्या लाटा उमटतात, त्या किल्ल्याच्या भिंतींवरून व घाटांवरून उतरल्या असे मानले जाते. दुसरा माग इंदूरच्या कापडगिरण्यांचा. विसाव्या शतकात हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या गिरण्यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस चाले. अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या झाक्या हे या कामगारांचेच देणे. गिरण्या थांबल्या तरी ती परंपरा थांबली नाही.

पण गिरण्या थांबल्या, हे खरे. हुकुमचंद गिरणी बंद पडल्यावर कामगारांना आपल्या थकलेल्या देण्यांसाठी तीस वर्षांहून अधिक काळ झगडावे लागले. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. ती रक्कम सुमारे ४,८०० कामगारांच्या हक्काची होती आणि त्यांपैकी अनेकांनी तोवर जगाचा निरोप घेतला होता. पुण्यातील मागांवरची रांग संपून तेव्हा अवघे तीन दिवस झाले होते. एकाच महिन्यात एका शहरात लाखो लोक दोन धागे विणण्यासाठी हौसेने उभे होते आणि दुसऱ्या शहरात आयुष्यभर कापड केलेल्यांचा हिशेब पुरा होत होता. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तथापि त्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर कापडाविषयीचे प्रेम आणि कापड करणाऱ्याविषयीची जाणीव या दोन गोष्टी नेहमी बरोबर चालत नाहीत, हे ध्यानी येते.

हातमागाची स्थितीही हेच सांगते. १९८७-८८ च्या गणनेत विणकर आणि पूरक कामे करणारे मिळून देशात ६७ लाखांहून अधिक लोक होते. २०१९-२० च्या गणनेत ही संख्या ३५ लाख २२ हजारांवर आली. विणकरांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. म्हणजे जो ताणा अशा उपक्रमांना आधार देतो, तो मांडणारे हात एका पिढीत जवळजवळ निम्म्यावर आले.

मग पाहुण्यांनी धागे घालू नयेत काय? अवश्य घालावेत. दोन धागे घालताना हात अडखळला, की दुकानातील साडीची किंमत कोठून येते हे जसे कळते, तसे व्याख्यानाने कळत नाही. इंदूरच्या एखाद्या संग्रहालयात, शाळेत वा गणेशोत्सवाच्या मंडपात असा माग मांडता येईल आणि तयार झालेला पट शहराच्या एखाद्या सभागृहात लावता येईल. मात्र त्यासाठी दोन पथ्ये पाळावी लागतील. पहिले असे की, मागाशी बसणाऱ्या विणकराला आणि ताणा तयार करणाऱ्या त्याच्या घरच्यांना पुऱ्या दिवसांची मजुरी मिळावी. पाहुण्यांमुळे विणकाम मंदावते, त्याचा भार त्यांच्यावर पडू नये. दुसरे असे की, पटाखाली जमलेल्या हजारोंच्या संख्येबरोबर ताणा मांडणाऱ्यांची नावेही लिहिली जावीत.

मराठीत ‘ताणाबाणा’ हा शब्द एकत्रच उच्चारला जातो. समाजाचे वस्त्रही असेच आहे. कौतुकाने येऊन दोन धागे घालणारे पुष्कळ असतात आणि ते हवेतच. परंतु त्यांचे धागे टिकतात ते कोणीतरी आधी, कोणी पाहत नसताना, ३,६०० उभे धागे एक-एक करून ओवून ठेवलेले असतात म्हणून. महेश्वरच्या दाराशी थांबलेल्या प्रवाशाने धोट्याकडे हात पुढे करण्यापूर्वी एकदा त्या उभ्या धाग्यांकडे पाहिले आणि ते कोणी ओवले एवढे विचारले, तर त्याचे दोन धागे अधिक घट्ट बसतील.