आदराच्या अनेक खुणा

मुलांनो, वेरूळच्या लेण्यांचे नाव तुम्ही ऐकले असेलच. छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, एका डोंगराच्या कड्यात ३४ लेणी ओळीने कोरलेली आहेत. त्यांपैकी पहिली १२ बौद्धांची, पुढील १७ हिंदूंची व शेवटची ५ जैनांची आहेत. एकाच डोंगराने तीन धर्मांना आपल्या कुशीत जागा दिली. १९८३ साली या लेण्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. ती पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी येथे येतात.

या प्रवाशांना लेणी दाखविणाऱ्या मनुष्यास मार्गदर्शक म्हणतात. लेण्यांचा इतिहास पाठ केला, शिल्पांची नावे ध्यानात ठेवली आणि एकदोन परभाषा शिकल्या, की त्याचे काम भागते, असे आपणांस वाटते. पण हे झाले दगडांचे ज्ञान. मार्गदर्शकाला माणसांचेही ज्ञान असावे लागते. कारण त्याच्यामागून चालणारा प्रत्येक प्रवासी आपल्याबरोबर आपली संस्कृती घेऊन आलेला असतो.

संस्कृती म्हणजे केवळ मंदिरे, ग्रंथ आणि गाणी नव्हेत. कसे बसावे, काय खावे, वडीलधाऱ्यांपुढे कसे वागावे, केव्हा बोलावे आणि केव्हा मौन पाळावे, हे सारे संस्कृतीतच येते. या गोष्टी आपण आईच्या मांडीवर बसून शिकतो. त्यामुळे त्या आपल्या इतक्या अंगवळणी पडतात, की जगातील सारी माणसे अशीच वागत असतील, असे आपण धरून चालतो. निराळ्या रीतीचा मनुष्य समोर आला, म्हणजेच आपल्यालाही काही रीती आहेत, हे आपल्या लक्षात येते.

पण त्यासाठी परदेशी मनुष्यच भेटला पाहिजे असे नाही. वेरूळच्या परिसरातच पाहा. लेण्यांच्या जवळच घृष्णेश्वराचे देऊळ आहे. ते १२ ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. तेथे गाभाऱ्यात जाताना पुरुष अंगातील सदरा उतरवितात. तेथून थोडे पुढे खुलताबाद हे गाव लागते. तेथे सूफी संतांचे दर्गे आहेत. दर्ग्यात पाऊल टाकताना भाविक टोपी घालतात किंवा डोक्याला रुमाल बांधतात. एका ठिकाणी वस्त्र उतरवावयाचे, तर दुसऱ्या ठिकाणी मस्तक झाकावयाचे! ख्रिस्ती मंदिरात शिरताना पुरुष डोक्यावरील टोपी काढून हातात घेतो. ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरात मात्र पुरुषाने मस्तक झाकणेच योग्य समजतात. या रीती परस्परांच्या अगदी उलट दिसतात. परंतु त्यांच्यामागील भावना एकच आहे, आणि ती म्हणजे आदर. भावना एक, पण तिच्या खुणा अनेक. या खुणा एकाला दुसऱ्याच्या समजावून देणे, हेच मार्गदर्शकाचे खरे काम होय.

हे काम किती नाजूक आहे, ते एका उदाहरणावरून पाहू. वेरूळच्या दहाव्या लेण्यात स्तूपाच्या पुढे बसलेल्या बुद्धांची भव्य मूर्ती आहे. समजा, एकाच वेळी तेथे तीन प्रवासी आले. एक युरोपातील शिल्पकलेचा विद्यार्थी आहे. दुसरी श्रीलंकेतील वृद्ध उपासिका आहे. तिसरे विदर्भातील एक बौद्ध शेतकरी आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली; त्या शेतकऱ्याचे आजोबा त्या अनुयायांपैकी एक होते. विद्यार्थ्याला मूर्तीची घडण पाहावयाची आहे. त्या दोघांना मात्र वंदन करावयाचे आहे. अशा वेळी मार्गदर्शक मोठमोठ्याने बोलत राहिला, किंवा “मूर्तीकडे पाठ करून उभे राहा, छान छायाचित्र काढतो,” असे म्हणाला, तर काय होईल? बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे श्रीलंकेत अनुचित समजतात. ती वृद्ध स्त्री काही बोलणार नाही. पण जे डोळे भरून पाहण्यासाठी ती समुद्र ओलांडून आली, त्याच्यासमोर तिचे मन दुखावले जाईल. जाणता मार्गदर्शक आपले निरूपण थांबवितो, विद्यार्थ्याला हळूच दोन मिनिटे थांबावयास सांगतो आणि वंदन झाल्यावर पुन्हा बोलू लागतो. त्या दोन मिनिटांच्या शांततेत विद्यार्थ्यालाही कळते, की जी मूर्ती तो कलाकृती म्हणून पाहत आहे, ती दुसऱ्या कोणाचे श्रद्धास्थान आहे.

दैनंदिन व्यवहारातही अशा अनेक खुणा असतात. आपण होकार देताना मान दोन्ही खांद्यांकडे किंचित डोलावतो. ते पाहून कित्येक परदेशी पाहुणे बुचकळ्यात पडतात, कारण त्यांना तो नकार वाटतो. बल्गेरिया देशात तर आडवी मान हलविली म्हणजे ‘होय’ आणि वरखाली हलविली म्हणजे ‘नाही’, अशी जुनी रीत आहे. आपल्याकडे पाहुणा प्रथम “नको, नको” म्हणतो आणि यजमान आग्रह करकरून वाढतो. कित्येक देशांत मात्र ‘नको’ म्हणजे खरोखरच ‘नको’. तेथील मनुष्याला आपला आग्रह जुलूम वाटतो. आगगाडीत शेजारी बसलेल्याला “आपले वय काय? पगार किती?” असे आपण आपुलकीने विचारतो, हेच प्रश्न दुसऱ्या कोणाला आगाऊपणाचे वाटतात. जेवणाचेही तसेच. कित्येक जैन प्रवासी कंदमुळे वर्ज्य मानतात व सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. इस्लाम आणि ज्यू या दोन्ही धर्मांत डुकराचे मांस निषिद्ध आहे. उपाहारगृहातील सेवकाने ताट मांडण्यापूर्वीच याची चौकशी करणे इष्ट होय.

तथापि, अशा रीतींची लांबलचक यादी पाठ केली म्हणजे सारे साधले, असे मात्र नाही. माणूस हा आपल्या देशाचा किंवा धर्माचा नमुना नसतो. एकाच घरातील दोन भावांच्या सवयी निराळ्या असतात, हे तुम्ही जाणताच. म्हणून चेहरा आणि पोशाख पाहून तर्क बांधण्यापेक्षा “आपणांस काय चालेल?” असे नम्रपणे विचारणे केव्हाही श्रेयस्कर. विचारण्यात कमीपणा नाही. उलट, आपल्या आवडीनिवडीची कोणी विचारपूस केली, म्हणजे पाहुण्याला परके वाटत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पाहुण्याचा मान राखणे म्हणजे आपल्या ठेव्याची हानी मुकाट्याने पाहणे नव्हे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे रंग प्रखर प्रकाशाने फिके पडतात. म्हणून तेथे छायाचित्र काढताना दिव्याचा लखलखाट करण्यास मनाई आहे. हा नियम मोडणाऱ्याला, मग तो परदेशी असो वा आपल्याच गावचा असो, मार्गदर्शकाने थांबविलेच पाहिजे. मात्र “येथे मनाई आहे!” असे खेकसण्यापेक्षा त्याचे कारण समजावून सांगावे. कारण कळले, म्हणजे बहुतेक माणसे नियम आनंदाने पाळतात.

मुलांनो, तुम्ही सारेच काही मोठेपणी मार्गदर्शक होणार नाही. पण दूरच्या प्रांतातून आलेला एखादा मुलगा उद्या तुमच्या वर्गात येऊन बसेल. त्याची भाषा निराळी असेल, डब्यातील पदार्थ निराळे असतील, नमस्कार करण्याची रीतही निराळी असेल. त्याला हसणे फार सोपे आहे. “याला तुमच्याकडे काय म्हणतात?” असे त्याला विचारून पाहा. तो तुम्हांला एक नवा शब्द सांगेल, आणि त्या क्षणापासून तुमच्या वर्गात तो परका राहणार नाही.