जुन्या मोटारीतील लहान प्रवासी

हिवाळा सुरू झाला की मुंबई-पुण्यात जुन्या मोटारींच्या फेऱ्यांचे वेध लागतात. पितळी दिवे घासूनपुसून लख्ख केले जातात, वर्षभर आच्छादनाखाली झाकलेल्या मोटारी रस्त्यावर येतात आणि दुतर्फा बघ्यांची गर्दी होते. चालकाशेजारी टोपी घालून बसलेले लहान मूल आणि मागच्या खिडकीतून डोके बाहेर काढलेला कुत्रा, हे छायाचित्रकारांचे आवडते दृश्य. मात्र त्या मोटारीतील सर्वांत असुरक्षित प्रवासी नेमके हे दोघेच असतात. ज्या काळात ही वाहने घडली, त्या काळात आतल्या माणसाला अपघातातून वाचविण्याचा विचार वाहननिर्मितीत जवळजवळ नव्हता. आजचा तीनबिंदू सीट बेल्ट स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये साकारला. भारतात नव्या मोटारींच्या पुढच्या आसनांना पट्टे बसविणे सक्तीचे झाले ते १९९४ मध्ये. त्याआधीच्या असंख्य मोटारींत पट्टाच नाही.

पोलादाचा भ्रम

'जुनी गाडी म्हणजे जाड पत्रा. तिला काय होणार?' हा समज सार्वत्रिक आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेसाठी काम करणाऱ्या विमा संस्थेने २००९ मध्ये तो तपासून पाहिला. १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू या दोन मोटारी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर, किंचित बाजूला धरून आदळविण्यात आल्या. जुन्या मोटारीची चालकाची जागा चेपून गेली. तिच्यातील चालक जिवंत राहण्याची शक्यता नव्हती. नव्या मोटारीतील चालकाला पायाची दुखापत झाली असती, इतकेच. नव्या मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळतो आणि धडकेचा जोर स्वतःत जिरवतो. आतला कक्ष मात्र शाबूत राहतो. ही कल्पना मर्सिडीझ-बेंझचे अभियंता बेला बारेनी यांची. जुन्या मोटारीत अशी योजना नसल्याने धक्का थेट माणसापर्यंत पोहोचतो. त्यात पत्र्याचा कठीण डॅशबोर्ड आणि छातीच्या दिशेने मागे सरकणारा स्टिअरिंगचा ताठ दांडा यांची भर पडते.

मांडीवरचे मूल

मूल आईच्या मांडीवर सुरक्षित असते, ही भावना नैसर्गिक आहे. गणित वेगळे सांगते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साडेबारा पटींहून अधिक जोर येतो. १० किलोचे बाळ क्षणभर सुमारे १२६ किलोचे होते. एवढे वजन कोणाचेही हात पेलू शकत नाहीत. त्या वेगाची धडक म्हणजे सहा मीटरहून अधिक उंचीवरून, म्हणजे साधारण दोन मजल्यांवरून पडण्यासारखे आहे. फेरीतील मोटारी संथ चालतात हे खरे. परंतु ताशी ४० हा वेग शहरातही सहज गाठला जातो, आणि शेजारून जाणारी बस वा डंपर संथ नसतो.

ब्रिटनमध्ये जुन्या मोटारींची परंपरा मोठी असली तरी तेथील नियम याबाबत स्पष्ट आहे. मूळ बांधणीतच पट्टे नसलेल्या मोटारीत तीन वर्षांखालील मुलांना नेता येत नाही. त्याहून मोठ्या मुलांना केवळ मागच्या आसनावर बसविता येते. भारतातील हौशी मालकांनीही ही मर्यादा स्वतःहून पाळावी, इतकी ती साधी आहे. आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्यानुसार १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने वा बालआसनाने सुरक्षित केलेले नसल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

पट्टा कुठे बांधावा?

पट्टा बसवून घेणे हा सर्वांत उपयुक्त उपाय आहे. परंतु तो जेथे अडकवायचा ती जागा पट्ट्याइतकीच महत्त्वाची. गंजलेल्या पत्र्याला किंवा आसनाच्या चौकटीला बोल्ट मारून लावलेला पट्टा धडकेच्या क्षणी उपटून येतो. अनेक जुन्या मोटारींचे सांगाडे लाकडी असून त्यावर पत्रा मढविलेला असतो. अशा लाकडी खांबात खांद्यावरच्या पट्ट्याचा बोल्ट भरवशाचा ठरत नाही. बोल्ट चासीशी वा तळाच्या भक्कम भागाशी, मागून पोलादी पट्टी लावूनच बसवावा आणि हे काम जाणकार कारागिराकडूनच करवून घ्यावे.

केवळ कमरेचा पट्टा लावणे शक्य असेल, तर तो ओटीपोटावर नव्हे, तर कमरेच्या हाडांवरून घट्ट जायला हवा. मुलाला उंच बसविणारी साधी गादी अशा पट्ट्याबरोबर वापरू नये; तिला खांद्यावरून येणारा पट्टा आवश्यक असतो. स्वतःचे पट्टे असलेली काही बालआसने मात्र कमरेच्या पट्ट्याने बांधता येतात; त्यासाठी आसनाची माहितीपुस्तिका पाहावी.

मूळ रूप बिघडेल या भीतीने अनेक मालक पट्ट्यांना नकार देतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी केलेल्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या वाहनाची चासी, सांगाडा व इंजिन मूळ स्वरूपात असण्याची अट आहे, हे लक्षात घेता ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणून सांगाडा न कापता पट्टे बसू शकतील का, हे आधी तपासून घ्यावे. ते शक्य नसेल, तर मोटार मूळ रूपातच राहू द्यावी आणि मुलांना तिच्यातून नेऊ नये. मूळपणा आणि मुले, दोन्ही एकदम हवीत हा आग्रहच धोक्याचा आहे.

दरवाज्यांचाही विचार व्हावा. जुन्या मोटारींना मुलांसाठीचे कुलूप नसते. काहींचे मागचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले असतात; चालत्या मोटारीत असा दरवाजा किंचित जरी उघडला तरी वारा तो सताड उघडतो. दोन दरवाज्यांच्या मोटारीत पुढच्या आसनाची पाठ सहज पुढे कलंडते. मूल मागे बसणार असेल, तर तिला खिट्टी असल्याची खात्री करावी.

कुत्र्याची व्यवस्था

मोकळा सोडलेला कुत्रा स्वतःसाठी आणि इतरांसाठीही घातक ठरतो. २५ किलोचा लॅब्रॅडॉर वरील हिशेबाने ३१५ किलोच्या जोराने पुढच्या माणसाच्या पाठीवर आदळेल. धडक झाली नाही तरी चालकाच्या पायाशी, ब्रेकच्या पायपट्टीजवळ शिरलेला कुत्रा अनर्थ घडवू शकतो. त्याला छातीभोवती बसणारा रुंद पट्टा घालून तो मागच्या आसनाच्या पट्ट्याला आखूड बांधावा. गळ्यातील पट्ट्याला दोरी कधीही बांधू नये. झटक्याने मान मोडते. लहान कुत्र्यासाठी पिंजरा उत्तम; तो पुढच्या आसनामागे तळाशी पक्का बसवावा. डिकीत कुत्रा ठेवणे हा तर क्रूरपणाच. खिडकीबाहेर डोके काढू दिल्यास धूळ व खडे डोळ्यांत जातात, म्हणून काच अर्धी वर असावी. उघड्या मोटारीत तो उडी मारू शकणार नाही, अशीच बांधणी हवी.

उष्णता आणि धूर

जुन्या मोटारीत वातानुकूलन नसते, आणि कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. पग वा बॉक्सर यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही कठीण जाते. बंद मोटार किती तापते, यावर अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाहेर जेमतेम २२ अंश सेल्सियस असतानाही तासाभरात आतील तापमान सुमारे २२ अंशांनी चढल्याचे दिसले. त्यातील बहुतांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातली होती. काच किंचित उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. 'पाचच मिनिटांत येतो' म्हणून मूल वा कुत्रा मोटारीत सोडून जाणे म्हणूनच अक्षम्य ठरते. पाण्याची बाटली व पसरट भांडे सोबत असावे. निघण्यापूर्वी तीन-चार तास कुत्र्याला खायला देऊ नये.

धुराचा धोका दिसत नाही, म्हणून अधिक गंभीर. सायलेन्सरला छिद्र आणि तळाच्या पत्र्याला गंज असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. वजनाच्या मानाने मुले व लहान प्राणी अधिक हवा श्वासात घेत असल्याने त्यांना त्याची बाधा लवकर होते. कोणी अकारण पेंगू लागले, डोके दुखू लागले वा उलटी झाली, तर मोटार तत्काळ थांबवून सर्वांनी मोकळ्या हवेत यावे.

निघण्यापूर्वी

जुन्या ब्रेकमधील तेलाची वाहिनी सहसा एकच असते. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाके निकामी होतात. खंडाळ्याच्या घाटासारख्या लांब उतारावर ड्रम ब्रेक तापून त्यांची पकड सुटते. तेथे खालच्या गिअरमध्येच उतरावे. फार न धावलेल्या टायरवर नक्षी ठळक दिसते, तरी रबर वयाने कडक झालेले असते. म्हणून टायरचे वय पाहावे. अग्निशामक नळकांडे हाताशी हवे.

फेरीसाठी सर्वांत शहाणपणाची व्यवस्था सोपी आहे: जुनी मोटार मोठ्यांनी चालवावी आणि लहान मुले व कुत्रा मागून येणाऱ्या नव्या मोटारीत पट्टे लावून बसावेत. मुक्कामी पोहोचल्यावर, इंजिन बंद असताना, त्याच जुन्या आसनांवर त्यांनी मनसोक्त बसावे. छायाचित्र तेव्हाही तितकेच सुंदर येते.