हॅकॅथॉन, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समस्येची भाषा

‘हॅकॅथॉन’ हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचला असेल आणि हा विषय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा आहे, असे समजून पुढे गेला असाल. मराठीच्या अभ्यासकाने तसे करू नये. समाजोपयोगी हॅकॅथॉनचे यशापयश पुष्कळदा भाषेच्या कामावर ठरते, ते कसे हे येथे पाहू.

‘हॅक’ म्हणजे या संदर्भात युक्तीने मार्ग काढणे. त्यास ‘मॅरेथॉन’ या शब्दाचा उत्तरार्ध जोडून १९९९ मध्ये हा शब्द वापरात आला. दिलेल्या समस्येवर ठरावीक तासांत चालू शकेल असा संगणकीय उपाय तयार करून दाखविणे, हे या स्पर्धेचे स्वरूप. आपल्या देशात २०१७ पासून ‘स्मार्ट इंडिया हॅकॅथॉन’ भरते. मंत्रालये, शासकीय संस्था आणि उद्योग आपल्या अडचणी लेखी मांडतात; महाविद्यालये व विद्यापीठे प्रथम अंतर्गत स्पर्धा घेऊन सहा-सहा जणांचे संघ निवडतात. अडचणीच्या या लेखी मांडणीस आपण ‘समस्याविधान’ म्हणू. आमच्या मते सर्वांत कठीण काम हेच, आणि नेमके तेच स्पर्धेचे घड्याळ सुरू होण्यापूर्वी उरकलेले असते.

उदाहरण कपाशीचे घेऊ. आपण वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजारसारख्या गावी राहत असाल, तर गुलाबी बोंडअळी आपणास समजावून सांगण्याची गरज नाही. ही अळी बोंडाच्या आत असते. बोंड बाहेरून निरोगी दिसते आणि फवारणी आतपर्यंत पोहोचत नाही. म्हणून शेतात कामगंध सापळे लावून त्यांत अडकणारे नर पतंग मोजतात. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज सरासरी आठ पतंग आढळले, तर ती धोक्याची पातळी मानतात. त्याआधी केलेली फवारणी खर्च वाढविते आणि जिवासही घातक ठरू शकते. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलो नसू.

आता ‘बोंडअळीवर उपाय शोधा’ असे समस्याविधान दिले, तर छत्तीस तासांत केवळ देखणे सादरीकरण तयार होईल. ‘सापळ्याच्या छायाचित्रावरून पतंगांची संख्या मोजून, आज फवारणी करावी की थांबावे हे शेतकऱ्यास सांगा’ असे म्हटले, की काम हाती येते. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात फेब्रुवारी २०१८ मध्ये उद्घाटन झालेल्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेने नेमके हेच काम हाती घेतले. सापळ्यातील पतंगांचे मोबाइलवर छायाचित्र काढायचे, यंत्राने ते मोजायचे आणि धोक्याच्या पातळीशी ताडून सल्ला द्यायचा, अशी ही रचना आहे. गावात इंटरनेट मिळेलच असे नाही, म्हणून ती त्याविना चालावी असाही प्रयत्न झाला. २०१९ मध्ये या कामास गूगलच्या जागतिक उपक्रमातून अनुदान मिळाले. मात्र हे काम एका रात्रीत झालेले नाही. यंत्र उदाहरणांवरून शिकते. त्यासाठी शेताशेतांतून छायाचित्रे गोळा करावी लागतात आणि त्यांतील प्रत्येक पतंगावर माणसाने खूण करावी लागते. हॅकॅथॉनच्या बक्षीससमारंभात या कष्टांचा उल्लेख क्वचितच होतो.

येथवर प्रश्न चित्राचा होता. शेतकऱ्याने मोबाइलला तोंडी प्रश्न विचारला, तर मात्र भाषेचा अभ्यासक पुढे यावा लागतो. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो: ‘डोळा’चा ‘डोया’ होतो आणि ‘केळी’ची ‘केयी’. ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणतात. कपाशीच्या पिकास ‘पऱ्हाटी’ म्हणतात. ज्या यंत्रास केवळ प्रमाण मराठीचे ध्वनिमुद्रण ऐकवून शिकविले आहे, त्यास ‘अयी’ म्हणजे अळी हे आपोआप कळणार नाही. ते चुकीचा शब्द ऐकेल, त्यावरून चुकीचा सल्ला देईल आणि त्याची किंमत शेतकरी मोजेल. बोलीभाषांच्या प्रकरणात आपण जो वर्णबदल परीक्षेपुरता पाठ करतो, तो येथे एखाद्याच्या हंगामाचा प्रश्न होतो.

भारतीय भाषांसाठी केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील ‘भाषादान’ या भागात कोणीही वाक्ये वाचून आपला आवाज देऊ शकतो, ऐकलेले लिहून देऊ शकतो आणि इतरांनी लिहिलेले तपासूही शकतो. मराठी त्यात आहे. परंतु छापील वाक्य वाचताना आपण सारे सावरून, पुस्तकी बोलतो. बांधावरचे बोलणे त्यात सहसा उतरत नाही.

स्वाध्याय म्हणून पुढील काम करावे. आपल्या गावातील एका शेतकऱ्याशी, अंगणवाडी सेविकेशी किंवा बाजारातील व्यापाऱ्याशी बोलून त्यांची एक अडचण त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी. नंतर तीच अडचण शंभर शब्दांच्या आत प्रमाण मराठीत समस्याविधान म्हणून लिहावी: अडचण कोणाची, ती केव्हा येते, कोणता निर्णय घ्यावयाचा असतो आणि तो चुकल्यास काय होते. शेवटी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून, प्रमाण भाषेत आणताना कोणते शब्द गळाले, याची यादी करावी. लिहिलेले मूळ व्यक्तीस वाचून दाखविण्यास विसरू नये.