घरची ज्वारी, घरचं बी आणि घरची वही



नीरा नरसिंहपूरच्या संगमावर उभं राहिलं की एका बाजूनं भीमा येते, दुसऱ्या बाजूनं नीरा. वर उजनी, वीर, भाटघर अशी धरणं झाली आणि या भागात उसाचं पीक वाढलं. ऊस वाढला हे चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गेली काही वर्षं बावडा, इंदापूर, अकलूजच्या बाजूला फिरताना एक गोष्ट वारंवार दिसते. शेतात आठ एकर ऊस उभा असतो आणि घरात श्रावणात किराणा दुकानातून ज्वारी येते, तीही उधारीवर. असं का होतं आणि त्यावर जुन्या घरांतल्या कोणत्या सवयी आजही उपयोगी पडतील, ते या पत्रकात सांगणार आहे.

आधी कारण पाहू. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला तर तो तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे तुटल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण ते हप्त्याहप्त्यानं येतात हा आपला अनुभव आहे. म्हणजे घरात पैसा येणार दीड वर्षातून एकदा आणि मीठ-मिरची, तेल, शाळेची फी, दवाखाना हा खर्च मात्र रोजचा. मधल्या काळात उधारी चालते. बिल आलं की आधी सोसायटीचं कर्ज कापून जातं, मग दुकानदार, मग लग्नकार्य. उरलं तर घर.

पूर्वी असं नव्हतं. म्हणजे पैसा जास्त होता असं नव्हे, तो तर फारच कमी होता. पण घराचं वर्ष धान्यावर चालायचं. माघ-फाल्गुनात ज्वारी खळ्यावरून घरात आली की पुढच्या माघापर्यंत लागेल एवढी बळदात जायची, राहील ती विकायची. आज आपण उलट करतो. आधी विकतो, मग लागेल तशी विकत आणतो.

याचा हिशेब एकदा मांडून पाहा. घरात पाच माणसं आहेत आणि दर माणशी रोज 400 ग्रॅम ज्वारी लागते असं धरलं, तर रोज 2 किलो आणि वर्षाला सव्वासात क्विंटल होते. पाव्हणारावळा धरून आठ क्विंटल धरा. ही सगळी मार्चमध्ये विकली आणि पावसाळ्यापासून चार क्विंटल परत विकत आणली, तर नुसता भावातला फरक पाहून चालणार नाही. विकताना गाडीभाडं, हमाली, तोलाई तुम्हीच दिली. आणताना दुकानदाराचा नफा आणि भाडं पुन्हा तुम्हीच दिलं. समजा क्विंटलला 500 रुपयांचा फरक पडला, तर चार क्विंटलला 2000 रुपये गेले, आणि तेही आपल्याच शेतात पिकलेल्या ज्वारीपायी. काही जण म्हणतात, रेशनचा गहू-तांदूळ मिळतोच की. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं आणि त्याचा मोठा आधार आहे. पण पाच किलोत महिना निघत नाही आणि भाकरी खाणाऱ्या माणसाचं तांदळानं पोट भरत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा पहिली सवय ही की वर्षाचं खाणं आधी बाजूला काढायचं. त्यासाठी सगळी जमीन ज्वारीखाली आणायला नको. माळाचं किंवा टेकाला असलेलं एक-दीड एकर, जिथं उसाला पाणी पुरत नाही, तिथं सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ज्वारी पेरली तर माणसांची भाकरी आणि जनावरांचा कडबा दोन्ही निघतात.

आता बाजूला काढलेलं धान्य टिकवायचं कसं, हा खरा प्रश्न. इथं माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका आजीबाईंना सांगितलं की, आजी, हे शेणामातीचं बळद आता मोडा आणि पत्र्याची कोठी घ्या, उंदीर लागायचा नाही. त्यांनी ऐकलं. भर उन्हात वाळवलेली ज्वारी दुपारीच, गरम गरम, कोठीत भरली आणि झाकण घट्ट लावलं. श्रावणात कोठी उघडली तर वरचा वीतभर थर कुबट झालेला, ढेपा धरलेला. आजी मला काही बोलल्या नाहीत. फक्त एक मूठ माझ्या हातावर ठेवली. झालं होतं असं की गरम धान्यातली वाफ पत्र्याला लागून थंड झाली, तिचं पाणी झालं आणि ते वरच्या थरात मुरलं. बळदाची माती ती ओल थोडीफार शोषून घेते, पत्रा घेत नाही. मी कोठी सांगितली, पण कोठीची रीत सांगितली नाही.

ती रीत अशी. ज्वारी दोन-तीन दिवस चांगल्या उन्हात दोन-तीन बोटांच्या थरात पसरावी, मधूनमधून हलवावी. वाळली की नाही ते पाहायला जुनी माणसं दाणा दाताखाली धरायची. कट्ट असा आवाज होऊन तुटला तर वाळला, चेपला तर ओला. दुसरी परीक्षा अधिक बिनचूक आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि तव्यावर भाजून गार केलेलं मीठ घालून चांगलं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात ओल आहे, पुन्हा वाळवा. वाळलेलं धान्य रात्रभर सावलीत गार होऊ द्यावं आणि सकाळी, दव पडत असेल तर ते उडाल्यावर, भरावं. कोठी शक्यतो काठोकाठ भरावी, कारण आत हवा जितकी कमी तितकी कीड कमी. आणि रोज झाकण उघडू नये. महिन्याला लागेल एवढी ज्वारी एकदम काढून स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवावी. दर पंधरा दिवसांनी कोठीत कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आत ऊब लागली तर समजावं की किडीनं किंवा ओलीनं काम सुरू केलं आहे. त्याच दिवशी धान्य काढून ऊन द्यावं.

कोठी नसेल तर पोती चालतात. जुन्या पोत्याच्या शिवणीत मागच्या वर्षीचे टोके बसलेले असतात. म्हणून पोती उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून उन्हात कडक वाळवावीत. भरलेली पोती फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून रचावीत. नदीकाठच्या घरांनी फळ्या आणखी उंच घ्याव्यात. उजनी आणि वीर या दोन्हींतून एकदम पाणी सुटलं की संगमावर काय होतं, ते नरसिंहपूरकरांनी पाहिलेलं आहे.

थोडं पेवाविषयी. जमिनीत पेव खणून धान्य ठेवायची चाल आपल्याकडे होती. त्यात धान्य टिकायचं ते अशामुळे की बंद पेवात धान्य आणि कीड श्वास घेऊन आतला प्राणवायू संपवतात आणि मग कीडच गुदमरते. पण त्याच कारणानं पेव उघडल्याबरोबर आत उतरलेली माणसंही दगावलेली आहेत. हल्ली पेवं फारशी राहिली नाहीत आणि ती पुन्हा खणा असं मी सांगणार नाही. मात्र तुमच्या वाड्यात एखादं जुनं असेल तर पोरांना त्यात उतरू देऊ नका.

कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला थराथरात घालायची पद्धत चांगली आहे, जरूर करा. पण पाला म्हणजे मदतनीस, वाळवणीचं काम तो करत नाही. ओल्या धान्यात टोपलीभर पाला घातला तरी टोके व्हायचेच. कडधान्याची गोष्ट जरा वेगळी. तूर, हरभरा, मूग यांवर भुंगेरा शेतातच अंडी घालून ठेवतो, ती आपण घरात आणतो. म्हणून मळणी झाल्याबरोबर कडक ऊन द्यावं. खाण्याच्या तुरीची लवकर डाळ करून ठेवावी. भुंगेऱ्याची अळी अख्ख्या दाण्याच्या पोटात वाढते, दाणा दुभंगला की तिला घर उरत नाही. जे अख्खं ठेवायचं त्याला किलोला चमचाभर खाण्याचं तेल चोळावं, अंड्यातली अळी आतच मरते. आमच्याकडे आजी राख चाळून घालायची, तेही चालतं, विशेषतः बियाण्याला.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात वापरू नका. त्यातून निघणारा वायू झोपलेल्या माणसाला उठू देत नाही. त्यांचा वापर परवाना असलेल्या जाणकारानंच, माणसांची वस्ती नसलेल्या गोदामात करायचा असतो. तसंच शेतातली फवारणीची पावडर धान्याला लावू नये, मग ते धान्य खायचं असो की जनावराला घालायचं.

परसबागेचं फार लांबवत नाही. मोरीचं पाणी रस्त्यावर सोडण्यापेक्षा दोन आळ्यांत सोडा. धुण्याच्या दगडापाशी अळू, कुडावर दोडका-दुधी, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता, एवढ्यानं निम्मी भाजी घरची होते. सोड्याचं, साबणाचं दाट पाणी मात्र रोज एकाच झाडाला नको, जमीन चिकट होते. उन्हाळ्यात गवार, मेथी वाळवून ठेवावी, सांडगे-कुरडया घालाव्यात. वैशाखात नृसिंहजयंतीची जत्रा उरकली की वळवाचं भय सुरू होतं. वाळवण त्याच्या आत आटपावं.

इथं एक बोलायचं आहे, ते पुरुषमंडळींनी वाचावं. जुनी काटकसर चांगली होती असं आपण म्हणतो, पण ती पुष्कळ वेळा बाईच्या पोटातून निघायची. सगळ्यांची पानं झाल्यावर उरलं ते ती खायची. धुरात डोळे जाळत स्वयंपाक करायची, दिवसभर रानात राबून रात्री वाकळ शिवायची. तसल्या काटकसरीकडे परत जायचं नाही. गॅस आहे तर तो वापरावा, चार-पाच जनावरं असतील तर गोबरगॅसचा विचार करावा, त्यात गॅस मिळून खतही राहतं. पण बाईनं चुलीपुढं बसून वाचवायचं आणि गड्यानं बिल आल्यावर गाडी बदलायची, याला काटकसर म्हणत नाहीत.

म्हणून वही. शंभर पानांची साधी वही घ्या. डाव्या पानावर आलेला पैसा, उजव्या पानावर गेलेला, रोज संध्याकाळी. शाळेतल्या मुलीला लिहायला बसवा, तिचा गणिताचा अभ्यास होतो. उधारीची रक्कम ज्या दिवशी माल घेतला त्याच दिवशी लिहायची, बिल चुकतं केल्यावर नव्हे. तीन महिन्यांनी पानं उलटून पाहिलीत की कुठं गळतंय ते कुणी सांगायला लागत नाही. मी एका घरात ही वही सुरू करून दिली. तिथं औषधापेक्षा तंबाखू-चहाचा आकडा मोठा निघाला. घरधनी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी बियाणं. या भागातली म्हातारी माणसं 1972 चा दुष्काळ अजून सांगतात. खडी फोडायची कामं, सुकडी आणि परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी. त्या वर्षी ज्यांनी बियाण्याची कणसं खाल्ली नाहीत, त्यांचं पुढच्या वर्षी अडलं नाही असं ते सांगतात. ही सवय आजही धरता येते, फक्त एक फरक ओळखावा. संकरित वाणाचं बी घरी धरायचं नाही, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत आणि उत्पन्न घटतं. मालदांडी 35-1, जी मोहोळच्या केंद्रावर निवडून काढली, किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले वसुधा, असे सरळ वाण मात्र घरी धरता येतात. तीन-चार वर्षांनी एकदा नवं शुद्ध बी आणलं की झालं.

कापणीच्या आधी रानातून फिरून, बांधाकडची सोडून मधल्या ताटांवरची, भरदार, कानी नसलेली शंभरेक कणसं निवडावीत. एकराला 4 किलो बी लागतं, तेवढं यातून निघतं. वेगळी मळून, वाळवून, राख लावून, मडक्यात तोंड बांधून ठेवावीत. मडक्यावर खडूनं वाण आणि साल लिहावं, नाहीतर आखाडात कुणीतरी त्याच्या कण्या करून मोकळं होतं. पेरणीच्या आठ दिवस आधी त्यातले 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीनं मांडून गुंडाळी करावी, ओल राखावी आणि पाचव्या दिवशी उघडून मोंब मोजावेत. 75 किंवा जास्त आले तर बी पेरायला चांगलं. त्याला किलोला 4 ग्रॅम 300 मेश गंधक चोळावं, म्हणजे कानीचं भय राहत नाही. 75 पेक्षा कमी आले तर ते दळून खावं आणि पेरायला दुसरं आणावं. गंधक मात्र मोजणी झाल्यावरच लावावं, आधी लावलेलं बी खायला चालत नाही.