पितळेवरील नाव आणि संगणकावरील रेषा

लग्नसराईत भांड्यांच्या दुकानात पाऊल टाकले की विजेवर चालणाऱ्या छोट्या कोरणीचा घुर्र घुर्र नाद हमखास कानी पडे. गल्ल्याशेजारी बसलेला कारागीर मांडीवर ताट किंवा तांब्या घेई, चिटोऱ्यावर लिहून दिलेले नाव एकवार वाची आणि बिंदूला बिंदू जोडीत ‘सप्रेम भेट’ची ओळ तारखेसह काठाशी उमटवी. आधी रेखाटन नाही, हाताशी पट्टी नाही आणि खाडाखोड तर शक्यच नाही. कित्येक घरांत आजीच्या विवाहाच्या सालाचा एकमेव लेखी पुरावा फडताळातील अशा एखाद्या पितळी डब्यावरच सापडतो.

आता त्या कोरणीच्या जागी काचेच्या झाकणाचे लेसर यंत्र येऊ लागले आहे आणि चिटोऱ्याच्या जागी संगणकातील फाइल. पेढीवरील तरुण मंडळी नामफलक, सन्मानचिन्हे, पत्रिकांच्या पेट्या, मंदिरातील देणगीदारांचे पट्ट असे काम या यंत्रावर घेऊ लागली आहेत. कारागिराला नाव वाचता येत होते. यंत्राला केवळ रेषा वाचता येते. म्हणून रेषा आखून देणारी व्हेक्टर आज्ञावली नीट समजून घेतल्यावाचून या धंद्यात उतरणे म्हणजे वजनकाटा न तपासता सराफी मांडण्यासारखे आहे.

मोबाइलवर काढलेले छायाचित्र हे रंगीत ठिपक्यांचे जाळे असते. मोठे केले की त्याच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागतात. व्हेक्टर चित्रात ठिपके नसतात. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, अशा वळणाने’ एवढे गणित तेथे नोंदलेले असते आणि ते अंगठीवर काय किंवा प्रवेशद्वारावर काय, सारखेच रेखीव उतरते. ही वळणे ज्या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखली जातात ते पिएर बेझिए रेनॉ या मोटारींच्या कारखान्यात होते. पत्र्याचे साचे घडविणाऱ्याला मोटारीच्या अंगाचा बाक अचूक कळावा, या गरजेपोटी १९६०च्या दशकात त्यांनी ही रीत रूढ केली. सित्रोएन या दुसऱ्या कारखान्यात पॉल द कास्तेल्जो त्याआधीच त्याच गणितापर्यंत पोहोचले होते. म्हणजे या विद्येचा जन्मच मुळी धातुकामाच्या पोटी झालेला आहे. पुढे १९८७ मध्ये इलस्ट्रेटर, १९८९ मध्ये कोरलड्रॉ आणि २००३ मध्ये विनामूल्य मिळणारी इंकस्केप ही आज्ञावली आली.

जैन प्रतीकाचेच उदाहरण घेता येईल. भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवानिमित्त १९७५ मध्ये सर्व संप्रदायांनी स्वीकारलेले हे चिन्ह कोरण्यासाठी वारंवार मागितले जाते. ग्राहक बहुधा एखाद्या पत्रिकेवरील चिन्हाचा फोटो पाठवितो, आणि दुकानदार आज्ञावलीच्या ‘ट्रेस’ सोयीने त्याच्या रेषा काढून घेतो. पडद्यावर ते ठीक दिसते; पितळेवर मात्र हातावरील चक्राचे आरे कमीअधिक जाडीचे उमटतात, कारण यंत्राने आऱ्यांबरोबर फोटोतील डागही इमानाने गिरविलेले असतात. ज्या वर्तुळास चार बिंदू पुरेत, त्यावर शेकडो बिंदू चिकटलेले असतात. त्यापेक्षा एक आरा स्वच्छ आखावा आणि चक्राच्या मध्याभोवती १५ अंशांनी फिरवीत त्याच्या प्रती काढाव्यात. ३६० अंशांत २४ आरे बिनचूक बसतात. पाव तासाचे हे काम एकदाच करावयाचे असते.

मापाची गोष्ट याहून नाजूक आहे. इंकस्केपच्या २०१७ पूर्वीच्या आवृत्त्या एका इंचात ९० पिक्सेल धरीत, ०.९२ या आवृत्तीपासून ते ९६ धरले जाऊ लागले. इलस्ट्रेटर ७२ धरते. परिणामी जुन्या इंकस्केपमध्ये ३०० मिलिमीटर रुंद आखलेला पट्ट नव्यात २८१.२५ मिलिमीटरचा, आणि इलस्ट्रेटरमधून आणलेला अवघा २२५ मिलिमीटरचा होऊन बसू शकतो. पडद्यावर हा फरक कळत नाही, कारण तेथे तुलनेला शेजारी काहीच नसते. जाणते कारागीर म्हणून आराखड्याच्या कोपऱ्यात नेमका १०० मिलिमीटरचा एक चौरस आखून ठेवतात; दुसऱ्या संगणकावर फाइल उघडताच प्रथम तो मोजतात आणि मगच यंत्राला हात लावतात. रोख मिळवून पाहिल्याशिवाय तिजोरी बंद करू नये, तशातलीच ही शिस्त.

सराफाला घट ठाऊक असते. लेसरकामातही घट असते. किरण पुढे सरकताना आपली वाट जाळीत जातो. त्या वाटेच्या रुंदीला कर्फ म्हणतात. ती ०.२ मिलिमीटर आहे असे धरले, तर ५० मिलिमीटर व्यासाची आखलेली चकती ४९.८ची निघते आणि त्याच मापाचे छिद्र ५०.२चे होते. लाकडी पाटात दुसऱ्या रंगाच्या लाकडाची चकती जडवायची असेल, तर ती खुळखुळणारच. उपाय असा की चकतीची रेषा ०.१ मिलिमीटर बाहेर आणि छिद्राची तेवढीच आत सरकवावी. ही सोय प्रत्येक आज्ञावलीत असते. मात्र कर्फचा आकडा ज्याच्या त्याच्या यंत्रावर, प्रत्येक जाडीच्या मालावर तुकडा कापूनच काढावा लागतो; उसना आकडा येथे चालत नाही.

देवनागरी अक्षरांपाशी मात्र परदेशी पुस्तकांतील शिकवणी अपुरी पडते. पहिली अडचण लिपीच्या टंकाची. मजकूर ज्या टंकात लिहिला तो दुसऱ्या संगणकावर नसेल, तर अक्षरे बदलतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी टंकांत तर नावाऐवजी रोमन अक्षरांचा गलबला उमटतो, आणि जुन्या आज्ञावल्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. म्हणून मजकूर पक्का झाल्यावर त्याचे ‘पाथ’मध्ये, म्हणजे निव्वळ रेषांत, रूपांतर करावे आणि त्याआधी घरातील वडीलधाऱ्यांकडून एकदा वाचून घ्यावा. रूपांतरानंतर काना-मात्रा टंकून दुरुस्त करता येत नाही. मूळ मजकुराची प्रत वेगळी ठेवावी, हे सांगणे न लगे.

दुसरी अडचण शिरोरेषेची. टंकातील प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि ते तुकडे एकमेकांवर किंचित चढलेले असतात. रेषांत रूपांतर होताच यंत्राला दर दोन अक्षरांमध्ये आडवी येणारी रेघ दिसते व ते ती कापून टाकते. अॅक्रिलिकमधून सलग कापलेले नाव हातात घेताच त्याची अक्षरे सुटी होतात, ती यामुळे. ‘युनियन’ या आज्ञेने सारी अक्षरे आधी सांधून घ्यावी लागतात. एकदा सांधली की तीच शिरोरेषा नावाचा कणा होते. रोमन लिपीतील सुट्या अक्षरांना हे भाग्य नाही. पण अनुस्वार शिरोरेषेला टेकलेला नसतो. ‘शांतिलाल’ कापावयास घ्यावे आणि यंत्रातून ‘शातिलाल’ बाहेर यावे. बिंदू तळाच्या जाळीतून खाली पडलेला असतो.

तिसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. टंकातील अक्षर म्हणजे त्याच्या बाह्यरेषा. सुईने अथवा टोकदार हत्याराने कोरणारे यंत्र त्या बाह्यरेषाच कोरते, आणि नाव पोकळ, दुहेरी दिसते. याला लागतात एकेरी रेषेची अक्षरे. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतील अॅलन हर्शी यांनी १९६७ मध्ये अशी अक्षरे सिद्ध केली आणि ती आजही इंकस्केपमध्ये वापरली जातात. पण त्यांच्या संचात रोमन, ग्रीक, रशियन, जपानी आहे, देवनागरी नाही. तेव्हा मराठी नाव एकेरी रेषेत हवे तर बेझिएच्या वळणांनी ते स्वतः आखावे लागते: ‘क’चे पोट कोठे वळवावे, ‘क्ष’ची गाठ एका झटक्यात कशी घ्यावी, जोडाक्षरात कोणता अवयव आखूड करावा. भांड्यांच्या दुकानातील तो कारागीर नेमकी हीच अक्षरे काढीत असे. त्याच्या हातची जुनी ताटे समोर ठेवून, त्यांचे छायाचित्र पडद्यावर अस्पष्ट करून त्यावर रेषा गिरविल्या, तर पेढीला स्वतःचे अक्षर मिळेल. ज्यांच्याकडे असे वृद्ध कारागीर अद्याप आहेत त्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये.

मालाविषयी थोडक्यात. लाकूड व अॅक्रिलिक कापणारा कार्बन डायऑक्साइड लेसर १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा असतो आणि उघडे पितळ तो बव्हंशी परतवून लावते. धातूसाठी सुमारे १.०६ मायक्रोमीटरचा फायबर लेसर लागतो. पीव्हीसी कोणत्याही लेसरखाली ठेवू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो यंत्र गंजवितो आणि चालविणाऱ्याची फुप्फुसे जाळतो. ग्राहकाने आणलेला तुकडा ‘अॅक्रिलिकच आहे’ या भरवशावर घेणे, हा नोकराच्या जिवाशी खेळ आहे.

आज्ञावली महाग म्हणून तिची चोरटी प्रत वापरण्याचा प्रघात छोट्या दुकानांत आहे. भिंतीवर अचौर्यव्रताचा फलक आणि त्याच फलकाची फाइल चोरीच्या आज्ञावलीत, ही विसंगती आता टाळता येते. इंकस्केप विनामूल्य आहे, आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’सारखा देवनागरी टंकही मुक्त परवान्याने मिळतो. काम बाहेरून करून घेणाऱ्यांनी तयार फलकासोबत त्याची एसव्हीजी फाइलही मागून घ्यावी. पट्टावर पुढील वर्षी दोन नावे वाढली, तर आखणीचे पैसे पुन्हा मोजावे लागत नाहीत.

आणि ‘शांतिलाल’चा बिंदू? त्याच्या व शिरोरेषेच्या मध्ये एक मिलिमीटरभर रुंदीचा दांडा आखावा, मग युनियन करावे. दोन हात अंतरावरून तो दांडा दिसतही नाही.